साडूंचं 'बरंय'

'मला बरं नाही' असं माणसाला म्हणता येतं, हे आमच्या साडूंना जन्मात कोणी सांगितलंच नसावं. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. मूळचे लातूरकडचे, घर देहूरोडला आणि नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीवर. तिथे त्यांचा भलता दरारा. केसाएवढा ओरखडा दिसला, की लाल खूण करून माल बाजूला! आमच्याकडे आले तरी पेला उजेडाकडे धरून फिरवल्याशिवाय पाणी पीत नाहीत. स्वतःच्या आतड्याचा माल मात्र त्यांनी कायम डोळे मिटून पास केला.

मोठ्या आतड्याला जखमा, रक्त पडायचं, दिवसभर संडासच्या फेऱ्या. कंपनीच्या बसमध्ये दाराजवळची सीट त्यांची. रस्त्यावरच्या प्रत्येक पेट्रोल पंपावर ओळख. दिवाळीला तिथे मिठाईसुद्धा वाटायचे. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात हे गृहस्थ तासभर गायब झाले आणि पांढरेफटक होऊन परतले. मी विचारलं, तर म्हणाले, "एकदम बरंय, राव. मठ्ठा झकास झालाय." मठ्ठ्याला त्यांनी तोंडही लावलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी पिंपरीच्या एका रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी निघाली. आपल्याच शरीरात जखम भरून आणणारं एक प्रथिन असतं, ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्याला. ते थेट आतड्यात सोडायचं. काहींना खरं औषध, काहींना नुसतं तसं दिसणारं; कोणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. ज्यांना फरक पडेल, त्यांना ते पुढेही मिळणार होतं. कॅमेऱ्याने जखमा दाखवल्या आणि साडूंची निवड झाली. पहिल्या तपासणीत डॉक्टरबाईंनी त्रास किती, म्हणून विचारलं. साडू म्हणाले, "तसं बरंय. किरकोळ." बाहेर चहा पिताना हे त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "बाई एवढ्या मायेनं विचारायली, तिच्यापुढं पहिल्याच दिवशी रडगाणं कशाला?"

आणि औषध लागू पडलं हो! साडू बसमध्ये मागच्या खिडकीशी बसू लागले. एकदा मी त्यांना गाडीवरून चाकणला नेलं, तर वाटेत कुठेच थांबावं लागलं नाही. पंपावरच्या माणसाने हात केला, साडूंनी ऐटीत नुसती मान हलवली. त्या दिवशी त्यांनी कांदाभजी खाल्ली, तीही दोन प्लेट. इतका आनंदी माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

शेवटच्या तपासणीला मीही आत होतो. "आता खरंच बरंय, मॅडम," साडू म्हणाले. बाईंनी आधीचं उत्तर पाहिलं. "काका, तुम्ही सुरुवातीलाही बरंयच म्हणाला होतात." कॅमेऱ्यात जखमा भरत आलेल्या दिसत होत्या, पण नियमाप्रमाणे त्रासही कमी व्हायला हवा होता, आणि जो सांगितलाच नाही, तो कमी कसा होणार? "तवा खोटं बोललो होतो, मॅडम," साडू हात जोडून म्हणाले. बाईंचेही डोळे भरले, पण मागचं उत्तर बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. औषध थांबलं. जिना उतरताना साडूच मला समजावत होते, "बरोबर हाय त्यांचं. पास करून पाठवलेल्या मालावर मागनं लाल खूण मारता येत न्हाई."

आता ते पुन्हा बसच्या दाराजवळ बसतात. परवा फोनवर मी सवयीने विचारलं, "कसं काय?" साडू हळूच म्हणाले, "बरं न्हाई, राव."

आयुष्यात पहिल्यांदा त्रास खरा सांगितला, आणि तोही माझ्यापाशी. माझ्याकडे कुठलं आलंय औषध?