गुळाचा खडा

दर रविवारी विहारात पप्पा आम्हा मुलांना बजावायचे, "मोठे सांगतात म्हणून काही मानू नका, तपासून बघा." तेच पप्पा मानपाड्याच्या रंगाच्या कंपनीत पाळी सुटली की गुळाचा खडा चघळायचे. गुळाने छातीतली धूळ साफ होते, हे तिथे सगळ्यांनाच पक्कं ठाऊक होतं.

"हे तुम्ही तपासलं का?" मी एकदा विचारलं. ते चिडले, "अगं, सगळे खातात, ते काय येडे आहेत?"

पुढे त्यांची छाती गेली. शेवटी शेवटी धाप लागली की ते गूळच मागायचे आणि मी द्यायचे.

माझा राग गुळावर नाही. गूळ कंपनीच फुकट वाटायची. कुणी मास्क मागितला की साहेब म्हणायचा, "गूळ देतो ना?"