मास्तरांच्या पायांना केळीचं सोपट

फटफटीच्या इंजिनाचा चटका पायाला लागू न देण्याची युक्ती अख्ख्या वसई तालुक्यात सगळ्यांत आधी मी काढली. आजपर्यंत तिची नक्कल कोणी केलेली नाही. का केली नाही, ते सांगितलं की तुम्ही मला पुन्हा चहाला बोलावणार नाही, म्हणून आधी कप संपवून घेतो.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी सालची असेल. मी सव्वीस-सत्तावीसचा. सातवीत मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं, यावर आमच्या घरी दोन मतं होती. वडिलांची केळीची वाडी होती, तिच्यात दिवसभर राबायचो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढायचो. चुलतभावाच्या लग्नात ब्यांडवाल्याच्या पिपाणीत ओली सुपारी कोंबली होती. बिचारा फुंकून फुंकून वांग्यासारखा झाला आणि नवरीचं स्वागत नुसत्या ढोलावर झालं. असे आमचे पराक्रम. गावात कोणाची बादली विहिरीत पडली तरी लोक आधी मला विचारत, ‘पास्कू, तूच ना?’ आणि खोटं कशाला बोलू, दहातल्या नऊ वेळा मीच असायचो.

अशा माणसाला अन्तोनमास्तरांची मुलगी आवडावी, याला काय म्हणाल?

अन्तोनमास्तर म्हणजे मला चौथीपर्यंत शिकवलेले मास्तर. शिडशिडीत, ताठ, खुशीत असले की आमची गावची बोली बोलायचे आणि रागावले की एकदम पुस्तकातलं मराठी. पोरं त्यांच्या भाषेवरून हवामान ओळखायची. त्यांची धाकटी मुलगी फिलोमिना, फिलू. माझी मावशी लग्नाचं बोलणं घेऊन गेली तेव्हा मास्तरांनी तिला चहा पाजला, केक खिलवला आणि म्हणाले, “मुलगा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे. परंतु त्याने कोणाचा मान राखलेला माझ्या पाहण्यात नाही.” नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पण पुस्तकातलं बोलले, म्हणजे तुम्ही समजून घ्या.

त्यानंतरच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर फिलूने मला चर्चच्या आवारात गाठलं.

“बाबांना पुढच्या महिन्यात जव्हारला जायचंय,” ती म्हणाली. “तिकडच्या शाळेत बारा वर्षं काढली ना त्यांनी. नव्या खोल्या बांधल्यात, फीत कापायला यांना बोलावलंय. नवी पांढरी पॅन्ट शिवायला टाकलीय, रोज शिंप्याकडे फेरी चाललीय.”

“मग जाऊ दे की.”

“एसटी लागते त्यांना. मनोर येईपर्यंत दोनदा खिडकीबाहेर. तुझी फटफटी आहे ना?”

“आहे. पण ते बसतील?”

“तेच तर. काकांच्या फटफटीवर पोटरी भाजली तेव्हापासून ते तिला शेगडी म्हणतात. तू ती गार कर, पुढचं मी बघते.”

“आणि ते बसले तर?”

“तर जाऊन-येऊन सात-आठ तास तुझ्या पाठीला धरून असतील. तेवढा वेळ माणसासारखा वागलास तरी पुष्कळ आहे.”

आता माझ्या फटफटीची ओळख करून देतो. साडेतीनशे सीसीची, लिलावातून घेतलेली, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असावी. चालायची झकास. पण उन्हाळ्यात दहा मैल गेलं की नडग्या शेकायला लागायच्या. त्यात स्टेशनाजवळचं रेल्वे फाटक बंद मिळालं तर बघायलाच नको. खाली इंजिन धगधगतंय, वर सूर्य, मध्ये आपण. मालगाडी जाईपर्यंत मी माझी सगळी पापं आठवून घ्यायचो.

पहिला उपाय गोणपाटाचा. दोन गोणपाटं भिजवली आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, पाय आणि इंजिन यांच्या मध्ये लटकवली. पाच मिनिटं स्वर्ग. मग त्यातून वाफ निघायला लागली. आधी पाय भाजत होते, आता उकडले.

मग गेलो वालीवला. तिथे एका कारखान्यात माझा मित्र बस्त्याव वेल्डिंग करायचा. त्याने दोन पत्रे कापले, वाकवले, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसवून दिले.

“आता बघ,” तो म्हणाला, “उलट थंडी वाजेल तुला.”

थंडी राहिली बाजूला, वालीवहून घरी येईपर्यंत इंजिन दोनदा बंद पडलं. पत्रा असा तापला की त्याच्यावर पापड भाजता आला असता. गावात शिरलो तर खडखडाट ऐकून लोक दारात आले. भांड्यांना कल्हई करणारा आला असं वाटलं त्यांना.

त्या रात्री मी पहिल्यांदा शांतपणे विचार केला. हसू नका. इंजिनाला बिचाऱ्याला वारा लागतो, तेव्हा कुठे ते गार राहतं. मी त्यालाच कोंडत होतो. झाकायचं इंजिनाला नाही, झाकायचं पायाला. एवढी साधी गोष्ट, पण तिथवर पोचायला मला दोन गोणपाटं, दोन पत्रे आणि पोटरीवरची दोन बोटं कातडी खर्च करावी लागली.

पण पायाला गुंडाळायचं काय? उत्तर वाडीतच पडलेलं होतं. केळीचा घड उतरवला की आम्ही ती केळ आडवी करतो. भर दुपारी एकदा मी अशा तोडलेल्या बुंध्यावर बसलो आणि बसल्या जागी गार झालो. केळीचा बुंधा म्हणजे एकावर एक गुंडाळलेले जाड पापुद्रे, आम्ही त्यांना सोपट म्हणतो. आतून जाळी-जाळी आणि त्या जाळीत पाणी भरलेलं. ताजं सोपट सोललं, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कापलं, पायाला लावून सुतळीने बांधलं. क्रिकेटवाले पॅड बांधतात ना, तसं. आणि फटफटी काढली.

काय सांगू, इंजिन खाली पेटलंय आणि पाय बावखलात सोडून बसल्यासारखे. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांतलं डबकं हो, शिंपण्याचं पाणी साठवायचं. वाळलं की सोपट फेकायचं, नवीन बांधायचं. पंधरा दिवस मी हा प्रयोग केला. अर्नाळ्याला गेलो, मनवेलपाड्याला गेलो, घोडबंदरपर्यंत जाऊन आलो. वाडीतून उठायचं आणि निघायचं, अंगावर वाडीतलेच कपडे. माझी ती वाडीतली पॅन्ट मुळात खाकी होती, हे फक्त शिंप्यालाच आठवत असेल, इतकी ती काळवंडलेली. प्रयोगात कुठेही खोट निघाली नाही.

फिलूने मास्तरांना आणून दाखवलं. मास्तरांनी सोपटावर हात फिरवला, दाबून पाहिलं, वास घेतला आणि चक्क गावच्या बोलीत म्हणाले, बसतो. मला तर तिथेच लग्नाच्या ब्यांडचा आवाज ऐकू आला.

ठरल्या दिवशी पहाटे उजाडताना निघालो. मास्तरांची पॅन्ट पांढऱ्या ड्रिलची, कडक इस्त्रीची, घडीवर बोट कापेल अशी. मी गुडघे टेकून त्यांच्या दोन्ही पायांना ताजी सोपटं बांधली. फिलू दारात उभी राहून बघत होती. मी कोणापुढे तसा गुडघे टेकलेला गावात कोणी पाहिला नव्हता. मला वाटतं मास्तरांनाही ते आवडलं.

वाटेत मी एक चेष्टा केली नाही. एक खड्डा मुद्दाम घेतला नाही. मनोरच्या पुढे चहाला थांबलो तर मास्तर पाय हलवून बघत म्हणाले, “गार रे. अजून गार आहेत. हे तुझ्याच डोक्यातून निघालं?”

“हो मास्तर.”

“मग चौथीत हे डोकं कुठे ठेवून यायचास?”

म्हणजे मास्तर माझी चेष्टा करत होते. मी मनातल्या मनात लग्नपत्रिका छापायला टाकली.

नऊच्या सुमाराला शाळेत पोचलो. सोपटं सोडली. पॅन्ट थोडी ओलसर होती, पाण्याचा हात लागावा तेवढीच. मास्तर म्हणाले वाऱ्यावर सुकेल. सुकली की. सुकली, तिथेच तर सगळं झालं.

केळीचा चीक ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. वारा लागला, सुकला, की तो रंग धरतो. आधी चहासारखा, मग काथासारखा, मग काळा. आणि एकदा धरला की कापड फाटेल पण डाग जाणार नाही. हे आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. म्हणून तर आम्ही वाडीत जायचे कपडे वेगळे ठेवतो. पण ते वेगळे कपडे घालायची सवय मला इतक्या लहानपणी लागली होती, की ते का घालतो तेच मी विसरलो होतो. माणसाचं असं होतं बघा. जे रोज अंगावर असतं, तेच दिसत नाही.

कार्यक्रम अकराला सुरू झाला. मास्तर व्यासपीठावर, समोर टेबल, टेबलाला जमिनीपर्यंत चादर. मी मागच्या बाकावर. कोणालाच काही दिसत नव्हतं. पाहुणे बोलले, मुलींनी गाणं म्हटलं, आणि तासाभराने मास्तर बोलायला उठले. छान बोलले. जुन्या मुलांची नावं घेतली. आणि मग माझ्याकडे बोट केलं.

“तो मागे बसलेला माझा विद्यार्थी. शिकला कमी. परंतु मला येथे आणताना इंजिनाचा दाह होऊ नये म्हणून माझ्या या पायांची त्याने जी काळजी घेतली, ती आपणही पाहावी.”

असं म्हणून ते टेबलाच्या बाजूने पुढे आले.

सगळ्यांनी पाहिलं. दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली काथाच्या रंगाचे. सोपटाची जाळी जशीच्या तशी उमटलेली आणि तिच्यावर सुतळीचे आडवे पट्टे. इस्त्रीची घडी मात्र अजून कडक होती. मग पुढे बसलेली एक म्हातारी, शाळेत पूर्वी मुलांचा भात रांधायची, ती काळजीने म्हणाली, “मास्तर, येताना कोणाचं घर सारवून आलात काय?”

मंडप फुटला. मुलं, बायका, पाहुणे, सगळे. मास्तरांनी खाली पाहिलं. मग वर पाहिलं, सरळ माझ्याकडे.

आणि मी हसत होतो.

आता यावर तुम्ही मला काहीही बोला, मी ऐकून घेईन. आतून माझं पाणी पाणी झालं होतं, पण तोंड हसत होतं. सत्तावीस वर्षांची सवय, ती त्या घटकेला कुठे जाणार?

मास्तरांनी भाषण पुरं केलं. फीत कापली. पंगतीत जेवले, म्हातारीची नातवंडं पाया पडली त्यांना आशीर्वाद दिला. निघताना मी नवी सोपटं पुढे केली, तर नुसता हात आडवा केला. परतीचा सगळा रस्ता, भर दुपारच्या उन्हात, ते दोन्ही पाय इंजिनापासून लांब, वल्ह्यांसारखे बाहेर काढून बसले होते. माझ्या पाठीलाही धरलं नाही. मागच्या सीटचा दांडा धरून. समोरून येणारे ट्रकवाले बघून हॉर्न द्यायचे.

त्या साडेतीन तासांत मला एक कळलं. आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या की एक मोठी अडचण होते. एखाद दिवशी तुम्ही खरंच, मनापासून कोणाचं चांगलं करायला जाता, ते फसतं, आणि ते खरंच फसलं हे सांगायला तुमच्याजवळ तोंडच उरलेलं नसतं. शपथ घ्यावी तर शपथा सगळ्या आधीच वापरून झालेल्या. रडावं तर लोक म्हणणार, बघा किती हुबेहूब.

लग्न पुढे झालं, फिलूशीच झालं, नाहीतर मी हे सगळं असं हसत तुम्हाला सांगत बसलो असतो का? पण त्याला दीड वर्ष लागलं, आणि त्यात माझी हुशारी काही नव्हती, फिलूचा हट्ट होता. त्या संध्याकाळचं तेवढं सांगतो आणि थांबतो.

सहाच्या सुमाराला मास्तरांच्या दारात फटफटी उभी केली. फिलू धावत बाहेर आली, वडिलांच्या पायांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. मास्तर ओट्यावर बसले. मी खाली अंगणात.

“मास्तर,” मी म्हटलं, “हसलो ती चूक माझी. पण ही खोडी नव्हती. आईची आण घेऊन सांगतो, चिकाचं माझ्या खरंच ध्यानात आलं नाही. मुद्दाम नाही केलं मी.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पॅन्टवरच्या जाळीवरून एकदा बोट फिरवलं. आणि अगदी शांतपणे, पुस्तकातल्या मराठीत म्हणाले,

“पास्कोल, मुद्दाम केले असतेस तर मी दोन महिने रागावलो असतो, आणि मग मुलगी दिली असती. खोडी काढायला निदान डोके तरी लागते. परंतु केळीच्या वाडीत जन्म काढून ज्याच्या ध्यानात केळीचा चीक राहत नाही, त्याच्या ध्यानात माझी मुलगी किती दिवस राहील?”