दगड उचलला का?

पंक्चर काढून झालं, जॅक सीटखाली गेला, सगळे पुन्हा आत कोंबून बसले आणि कुणीतरी वैतागून दार आपटलं, की मामा आरशात बघून विचारायचे, "दगड उचलला का?" मागून "उचलला" असं उत्तर आल्याशिवाय पहिला गिअर पडायचा नाही. खोटं उत्तर चालायचं नाही. मामा खाली उतरून बघायचे.

तुम्ही वरंध घाटाने कधी गेला असाल तर हे दगड तुम्हीही पाहिले असतील. चढावर गाडी बंद पडली की ड्रायव्हर आधी उडी मारून चाकाला दगड लावतो. मग मागे रस्त्यात एक हिरवी फांदी टाकतो, येणाऱ्याला कळावं म्हणून. इथपर्यंत सगळे शहाणे. गाडी चालू झाली की हाच शहाणा माणूस दगड तिथेच टाकून निघून जातो. फांदी वाळते, उडून जाते. दगड वळणावर धुक्यात बसून राहतो आणि एखादा दुचाकीवाला त्याच्यावर जाऊन आपटतो. मग आपण म्हणतो, घाट वाईट. घाट वाईट नाही, आपण वाईट आहोत. हे मी एका पत्रकात लिहिलं होतं. छापताना आमच्या संघटनेतल्याच लोकांनी ती ओळ काढली. म्हणाले, जनतेला शिव्या द्यायच्या नसतात.

मामा आमच्या वाडीचे. वाडी वरंधच्या वर, घाटरस्त्याला लागून. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी व्हॅन होती. पांढरी म्हणायची एवढंच. डावं दार दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं, निळं. मधली सीट काढून तिथे लाकडी फळी आणि गोधडी टाकलेली, कारण त्या गाडीत निम्म्या वेळा कुणीतरी आडवं झालेलं असायचं. बाळंतीण, साप चावलेला, झाडावरून पडलेला. उरलेल्या जागेत शाळेचे मास्तर, भाजीच्या पाट्या, आणि महाडला अर्ज द्यायला निघालेली मी.

मामा मोठे मेकॅनिक होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यांना उपाय तीनच येत. पाणी ओतायचं, पान्याने ठोकायचं आणि थांबायचं. रेडिएटर गळका होता, त्यामुळे पाण्याचा कॅन कायम पायाशी. इंजिन तापलं की बोनेटवर हात ठेवून ते शांतपणे म्हणायचे, "दमलीय. जरा बसू दे." आम्ही सगळे कठड्यावर बसायचो. मास्तर घड्याळ बघायचे.

"मामा, शाळा भरली असेल हो!"

"भरू दे की. पोरं खूश असतील. आज कशाला त्यांचा जीव खाताय?"

एका गोष्टीत मात्र ते हट्टी होते. बुधवारी गाडी निघायची नाही. बुधवारी ती फणसाखाली उभी असायची आणि मामा तिच्याखाली. नट आवळ, ब्रेकचं तेल बघ, टायरमधले खडे उपट, तारा बांध. सरपंच आले तरी गाडीखालून फक्त पाय बोलायचे, "आज बुधवार हाय." एकदा एका लग्नाचं वऱ्हाड त्यांच्यावर रुसलं. मामा म्हणाले, "बुधवारी लगीन काढलंत ती तुमची चूक."

आणि दुसऱ्यांचे दगड. घाटात कुणीही टाकून गेलेला दगड दिसला की गाडी बाजूला. "मास्तर, उतरा. तो तेवढा उचला." दगड गटारात टाकलेला चालत नसे, पाणी तुंबतं म्हणून. कठड्याच्या कडेला नीट लावून ठेवायचा. मी पहिल्यांदा बसले तेव्हा वरंधपर्यंत तीन वेळा उतरावं लागलं. मला वाटलं, या माणसाच्या घरातलं कुणी दगडावर आपटून गेलं असणार. मी विचारलंही, जरा हळव्या आवाजात. मामा हसले.

"तसं कायसुदिक नाय गो. समोर दगड आला तर ब्रेक मारावा लागतो. माझ्या ब्रेकला तेवढा दम नाय."

मला ते 'पुढारीण' म्हणायचे. "काय गो पुढारीण, आज कुनाला पाडायला निघालीस?" आमची मागणी साधी होती. वरंधच्या वरच्या वाड्यांसाठी एक रुग्णवाहिका. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघायचे. 'रुग्णवाहिका ही भीक नाही, हक्क आहे.' एक पत्रक मामांना दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, बोनेट उघडलं, इंजिनातली तेलाची पट्टी ओढून काढली आणि माझ्या हक्काला पुसली.

"कागुद चांगला हाय," ते म्हणाले. "तेल पितोय."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता तारामावशी. मामांच्या शेजारच्या घरातली. नवरा गेलेला, मूल नाही, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला महाडला डायलिसिसला न्यावं लागायचं, आणि नेणारी गाडी एकच. ती स्वतःची उशी घेऊन यायची. डायलिसिस केंद्रातल्या उशीला सगळ्यांच्या आजाराचा वास येतो म्हणायची. तिला पाणी मोजून प्यायची सक्ती होती. घाटात गाडी तापली आणि मामा रेडिएटरमध्ये कॅन रिकामा करू लागले की ती फळीवरून मान उचलून बघत बसायची.

"ओत बाबा, तिला ओत. मला मेलीला घोटभर नाय."

"तिचं गळतं गो, म्हणून ओतायचं."

"तिचं गळतं, माझं साठतं. वाटणी करणाऱ्याने घोळ घातलान."

सगळे हसायचे. मामा हसताना कॅनचं झाकण लावायला विसरायचे. पाणी गाडीत सांडायचं आणि मावशी ओल्या गोधडीवर बोटं फिरवायची. मी हे बघितलंय. म्हणून 'आरोग्यसेवेचा अभाव' हे शब्द पत्रकात लिहिताना माझा हात थांबतो. काय अभाव? कसला अभाव? एक बाई ओल्या गोधडीवरून बोटं फिरवतेय, हे कुठल्या रकान्यात भरायचं?

तीन अर्ज झाले, एक मोर्चा झाला, तेव्हा कचेरीतल्या साहेबांनी मला आत बोलावलं. चहा मागवला. फार गोड बोलले.

"ताई, तुमच्याकडे ती व्हॅन आहे ना? पांढरी? तुमचा भाग तसा वंचित म्हणता येणार नाही. ज्या भागात काहीच सोय नाही, तिथे आधी द्यायला नको का?"

मी चहा तसाच ठेवून बाहेर आले. व्हॅन केंद्राजवळच्या तळ्यापाशी उभी होती, मावशीचं डायलिसिस संपायची वाट बघत. मामा बिडी ओढत होते. मी त्यांच्यावरच ओरडले.

"तुमच्या गाडीमुळे आम्हाला अॅम्ब्युलन्स मिळत नाही! ही गाडी हाच त्यांचा बहाणा आहे! तुम्ही चालवताय म्हणून ते झोपलेत!"

मामांनी बिडी विझवली.

"मंग बंद करू?"

"करा!"

"कधीपासून?"

तेवढ्यात मावशी उशी काखेत धरून, भिंतीला हात लावत आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"कर ना बंद," ती म्हणाली. "मंगळवार-शुक्कर सोडून कधीपन कर."

मामा मोठ्याने हसले, मीही हसले. पण साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं, ही त्यातली खरी घाण होती. एका माणसाचा चांगुलपणा एका अख्ख्या खात्याला पुरत होता.

पुढच्या पावसाळ्यात मावशीचे पाय सुजू लागले. डॉक्टर म्हणाले, आता आठवड्यातून तीनदा आणा. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

मामांनी दोनदा विचारलं, "बुधवारच का? गुरवार नाय का चालत?" केंद्रात बुधवारचीच जागा रिकामी होती. त्या बुधवारी फणसाखाली गाडी नव्हती. पुढच्या बुधवारीही नव्हती. बाकीचे दिवस शाळा, बाजार, बाळंतिणी होत्याच. मी म्हणाले, "मामा, एखादा दिवस गाडी ठेवा." ते म्हणाले, "ठेवू. जरा पाऊस उघडू दे." बोनेटवर हात ठेवून "दमलीय" म्हणायचे, पण आता बसू देत नव्हते. मावशीला वेळेत पोचवायचं असायचं.

तो बुधवारच होता. धुकं होतं. गाडीत मावशी, मास्तर आणि नवा अर्ज घेऊन मी. वाडी सोडून उतार लागला आणि मामांचा ब्रेकवरचा पाय खाली गेला तो गेलाच. त्यांनी दोनदा, तीनदा दाबून बघितलं. पहिल्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक ओढला आणि डावी बाजू डोंगराला घासत नेली. निळं दार सोलून निघालं. गाडी थांबली.

"उतरा. दगड लावा."

मास्तरांनी उजव्या चाकापुढे एक भलामोठा दगड ढकलला. मी फांदी तोडून वळणाच्या अलीकडे टाकली. मामा गाडीखाली गेले आणि बाहेर आले ते हात पुसत. ब्रेकचं तेल सगळं गेलं होतं. पाणी ओतून, ठोकून, थांबून होणारं ते काम नव्हतं.

मी फोन लावला. एक रुग्णवाहिका पोलादपूरकडे अपघाताला गेलेली, दुसरी दुरुस्तीला. "तुमच्याकडे खाजगी वाहन आहे का?" पलीकडचा मुलगा विचारत होता. त्याचा दोष नाही. त्याच्यापुढे तोच प्रश्न लिहून ठेवलेला असणार.

गाड्या जात होत्या. घाट बघायला आलेल्या दोन मोटारी आमचा फोटो काढून गेल्या. एक ट्रक भरलेला होता. शेवटी एक भाजीचा टेंपो थांबला. मावशीला पुढे बसवलं, शेजारी मामा. आम्ही मागे कोबीवर. मावशीने खिडकीतून व्हॅनकडे बघितलं आणि म्हणाली, "तिला एकटीला ठेवू नका रे." उशी व्हॅनमध्येच राहिली होती.

महाडला पोचलो तेव्हा तिचं मशीन दुसऱ्याला लावलेलं होतं. सकाळपासून थांबलेला माणूस, त्याला कसा उठवणार? उद्या पहिल्यांदा तुम्हाला घेतो, म्हणाले. दम लागला तर मोठ्या दवाखान्यात न्या, असंही म्हणाले. कशातून, ते नाही म्हणाले. मामांच्या ओळखीतल्या एका घरी तिला ठेवलं. ती बसूनच होती, आडवं झालं की श्वास अडकायचा. छातीत पाणी भरत गेलं. मामा तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

उद्याचं मशीन तिला लागलं नाही. त्याआधीच ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजवाले व्हॅन दोराने ओढत महाडला घेऊन आले. मी मामांना सांगायला गेले. ते पायरीवर बसले होते. "मामा, गाडी आणली," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. मला वाटलं, आता दगडाचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

मामांनी पुन्हा गाडी हातात घेतली नाही. पोलादपूरच्या भंगारवाल्याने ती नेली, निळ्या दारासकट. मामा मुलीकडे नालासोपाऱ्याला गेले. मी फोन करते. एकदा म्हणाले, "इथं लिफ्ट बंद पडली ना, की लोक आतून घंटी दाबतात. आन् कुनीतरी येतंय गो, खरंच येतंय." हल्ली फोन मुलगीच उचलते. बाबा झोपलेत, म्हणते.

मी पुन्हा कचेरीत गेले होते. आता व्हॅन नाही, हे लेखी घेऊन. साहेब बदललेत. नव्या साहेबांनी अर्ज वाचला आणि सहज विचारलं, "ज्या डायलिसिसच्या पेशंटचा उल्लेख आहे, त्या आता हयात नाहीत ना? मग सध्या तातडीची गरज कुणाला आहे?" मी अर्जाची पोच मागून घेतली आणि बाहेर आले.

गेल्या महिन्यात जीपने घरी जात होते. त्या उतारावर समोरून बस आली म्हणून जीप थांबली. उजवीकडे मास्तरांनी ढकललेला तो दगड दिसला. गॅरेजवाल्यांनी गाडी ओढून नेली, दगड तिथेच राहिला. मधल्या काळात रस्त्याचे खड्डे बुजवले गेले होते. बुजवणाऱ्यांनी दगड हलवला नव्हता, त्याच्या भोवतीने डांबर ओतलं होतं. नंतर कठडे रंगवायला आलेल्यांनी त्यालाही चुना मारला होता. वर काळा पट्टासुद्धा.

मी उतरले, खाली बसले, दोन्ही हातांनी धरून ओढला. जागचा हलला नाही.

जीपवाल्या पोराने हॉर्न दिला.

"ताई, बस गो आत. तो नाय निघायचा. सरकारी हाय."