व्हॉल्वची उघडी मान

कारखान्यात तिला सगळे फौजदारीण म्हणायचे. कोणी नुसतं "सगळं ठीक आहे" म्हटलं, तरी तिच्या मनात पाल चुकचुकायची. घरी ती गॅसचं बटण दोनदा चाचपायची. इथं तर टाकीत द्रव नायट्रोजन, अंगावर उडाला तर कातडी जाळणारा गारठा.

त्या सकाळी टँकर जोडण्याआधी ती नेहमीसारखी व्हॉल्व फिरवून बघायला गेली आणि थबकली. व्हॉल्व कोरडा ठणठणीत! एरवी चाकाखालच्या त्याच्या लांब मानेवरून दव गळायचं, खाली थारोळं साचायचं. आज मानेवर वरपर्यंत फोम, त्यावर चकचकीत पत्रा.

तिनं चाकाला जोर लावला. चाक ढिम्म हलेना.

पाइपांवर असं आवरण चढवणारा मिस्त्री म्हणजे तिचा धाकटा दीर. त्याची बायको, तिची जाऊ, कामाच्या शोधात होती. "वहिनी, तुमच्या जागी बदली माणूस चालतो का हो?" असं त्यानं परवाच जेवताना विचारलं होतं. आत्ता तिला त्याचा अर्थ लागला. टँकर भरताना व्हॉल्व अडकला, नायट्रोजन उतू गेला, तर खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार?

"भाऊजी, इकडे या! ही मान कोणाच्या सांगण्यावरून झाकलीत?"

"कोणाच्याच नाही."

"पाइप झाकतात तसा व्हॉल्व झाकून चालत नाही. मान उघडी असली तरच तिला हवेची ऊब मिळते. झाकली की गारठा वर चढतो, आतल्या ओलाव्याचा बर्फ होतो, दांडा अडकतो. की हेच हवं होतं?"

दिरानं खालच्या जमिनीकडे बोट दाखवलं. "त्या दिवशी तुम्ही इथंच पाण्यावरून घसरलात ना. म्हटलं, गळणंच बंद करू."

"मग मला का नाही विचारलं?"

"विचारलं असतं, तर 'का विचारताय' म्हणाला असतात."

"आणि तो बदली माणूस?"

"गुडघा सुजलाय तुमचा. चार दिवस घरी बसाल, म्हणून."

दोघांनी पत्रा कापला, फोम सोलला, मानेवर कोमट पाण्याची फडकी गुंडाळली. फाटकाजवळून ड्रायव्हर ओरडला, "ताई, आज भरताय की मी मुक्काम ठोकू?" बऱ्याच वेळानं आत कट्कन आवाज झाला आणि चाक फिरलं. तिनं ते पूर्ण बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं.

दुपारी दिरानं मानेखाली पत्र्याची पन्हळ ठोकली, पाणी गटारात सोडलं. तिनं पन्हळ हातानं हलवून बघितली.

"घट्ट आहे, वहिनी."

"ते दिसतंय. पण सुट्टीचं सुचलं कोणाला? तुम्हाला, की जाऊबाईंना?"

दीर घाईघाईनं हत्यारं गोळा करू लागला.