साखर सोडलेले महादेवराव

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात महादेवराव मुकादम होते. कापसाच्या भावापासून सरकारच्या धोरणापर्यंत सगळीकडे त्यांचा शब्द शेवटचा. डाव्या गालात तंबाखू कायम. ती नसली तर माणूस आजारी आहे असं आम्ही शेजारी समजत असू.

पासष्ट साली त्याच गालात फोड आला आणि काही केल्या बरा होईना. बायकोनं, मनकर्णाबाईंनी, त्यांना ओढूनच नागपूरच्या एका डॉक्टरांच्या व्याख्यानाला नेलं. विषय कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, शरीरातल्या पेशींच्या अंगावर साखरेच्या जातीच्या पदार्थांचं अस्तर असतं. कॅन्सरमध्ये ते अस्तर बदलतं; मग पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सुटतात आणि अंगभर पसरतात. एवढं ऐकलं आणि महादेवरावांना पिंक टाकायला बाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. त्यांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरात साखर बंद.

"अवो, तुमी भाईर गेलते तवा डाक्टर म्हनले, हे साखर आंगातच तयार होते, चहाचा काई संबंध नाई. तंबाकू सोडा म्हनले, अन् फोड लवकर दाखवा."

"मले नको शिकवू. साखर म्हनले, म्या या कानानं आयकलं."

साखर तेव्हा रेशनवर. महादेवरावांच्या वाट्याची शेजारच्या नत्थुजींकडे जाऊ लागली, त्यामुळे नत्थुजींना हे विज्ञान ताबडतोब पटलं. रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर तंबाखू मळत साखरेचे दुष्परिणाम सांगत. येणारा-जाणारा टेकायचा, चिमूटभर तंबाखू तोंडात टाकायचा आणि घरी जाऊन बायकोच्या चहातली साखर कमी करायचा.

फोडाची गाठ झाली, गाठ मानेत उतरली. शेवटी नागपूरला नेलं. त्याच डॉक्टरांनी गाल पाहिला आणि चिडून विचारलं, "इतके दिवस काय केलंत?"

"साखर सोडली," महादेवराव अभिमानानं म्हणाले.

त्या अभिमानाचा मला आजही संताप येतो. माणूस जीव लावणारा होता, म्हणून जास्तच येतो. होळीच्या आधी ते गेले.

तेरवीला नत्थुजींनी सुचवलं, महादेवरावांची आठवण म्हणून पंगतीत गोड नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मनकर्णाबाईंनी मात्र बुंदी केली आणि स्वतः वाढली. जेवणं झाली, ओट्यावर रिवाजाप्रमाणे तंबाखू-चुन्याचं ताट फिरलं. मनकर्णाबाई पदर खोचून बाहेर आल्या.

"ज्यानं माहा मानूस नेला, तेच त्याच्या तेरवीले वाटून राहिले का? सांगा नत्थुजी, काहून?"

नत्थुजी उत्तर द्यायला उठले. पण तोंड भरलेलं होतं, म्हणून आधी ओट्यावरून उतरून पिंक टाकायला बाहेर गेले.