डाव्या हाताची भाकर

चिकलठाण्यात एका हॉलमध्ये काही मंडळी जखमी जवानांना स्वतःचं स्वतः करायला शिकवतात, बिनपगारी. धाकट्या भावाला मी तिथं नेलं. सीमेवर त्याचा उजवा हात खांद्यापासून गेला. भरतीसाठी मीच त्याच्या मागं लागलो होतो. म्हणून वर्षभर त्याला घासही मीच भरवत होतो.

भाकर शिकवायला सिल्लोडकडच्या एक बाई यायच्या. नाव मी विचारलं नाही. स्वतःचा धडधाकट उजवा हात त्या पदरात गुंडाळून कमरेला खोचायच्या आणि डाव्या तळव्यानं थापायच्या. परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. मी बघतच राहायचो.

"आधी घरी शिकले," त्या हसायच्या. "मालकांनी महिनाभर लई तुकडे खाल्ले."

एकदा तव्यावर टाकताना धाकट्याची भाकर मोडली. मी उठलो.

"बसा दादा," बाई म्हणाल्या. "तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून त्याला लेकरू करू नका."

खरंच होतं ते. मी बसलो.

पुढची भाकर अख्खी उतरली. धाकट्यानं ती माझ्या ताटात टाकली.

"कडंला करपलीय," तो म्हणाला. "खायची असंल तर खा."