पोथी, पापड आणि अक्का

नोकरीच्या मुलाखतीत कुणी तुमचा केस उपटून घेतलाय का? माझा घेतला. धुळ्याच्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयात मदतनीस हवी होती. जळगावहून एसटीचे धक्के खात आले, इतिहासाची एम.ए.ची पदवी छातीशी धरून खुर्चीवर बसले आणि समोरच्या बाईंनी पदवीकडे ढुंकूनही न बघता विचारलं, "पोरी, केसांना तेल लावतेस?" लावते, म्हटलं. "मग रिठ्याने धुवावा लागेल. एक दे." मी हो-नाही म्हणायच्या आत माझ्या वेणीतला एक लांबसडक केस त्यांच्या चिमटीत होता. डोकं झोंबलं आणि मी मनातून चांगलीच भडकले.

त्या अक्का. संग्रहालयाच्या प्रमुख. धुळ्याजवळच्या खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पुण्याला शिकून परत आलेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या. आवाज असा, की बोलायला लागल्या की बाहेरचे रिक्षावाले मान वळवून बघायचे. त्यांनी माझा केस धुतला, वाळवला आणि मला आतल्या दालनातल्या काचेच्या कपाटापाशी नेलं. कपाटात जुन्या पोथ्यांशेजारी एक लाकडी चौकट होती. वर खिळा, खाली दोऱ्याचं रिकामं रीळ, रिळाला ताण राहावा म्हणून लहानसं वजन आणि रिळावर चिकटवलेली केरसुणीची काडी. खिळ्यापासून रिळापर्यंत त्यांनी माझा केस ताणून बसवला. हवेत ओल वाढली की केस लांबतो, काडी खाली येते. हवा कोरडी पडली की केस आखडतो, काडी वर चढते. काडीमागच्या पुठ्ठ्यावर एक हिरवा पट्टा रंगवला होता.

"काडी ह्या पट्ट्यात राहिली तर आपण कामाचे," अक्का म्हणाल्या. "आधी माझाच केस होता. तुटला. आता माझे आखूड झालेत, म्हणून तुला घेतलं." म्हणजे माझी एम.ए. गेली खड्ड्यात, मला नोकरी लागली ती वेणीमुळे. हे मी पुढे कितीतरी जणांना हसत सांगितलं, पण त्या दिवशी हसू आलं नव्हतं.

पण गंमत बघा. महिनाभरात मला त्या काडीचं वेडच लागलं. सकाळी बसस्टँडवरून जवळजवळ पळतच यायचे. आधी काडी, मग चहा. पहाटेच्या गार हवेत खिडक्या उघडायच्या, ऊन चढायच्या आत लाकडी झडपा लावून घ्यायच्या. फरशी ओल्या फडक्याने पुसायची नाही, पोथ्या बाहेरच्या भिंतीला टेकवायच्या नाहीत. काडी पट्ट्यात दिसली की अक्कांचा चेहरा उजळायचा. एरवी आमच्याशी शुद्ध बोलणाऱ्या अक्का थेट आपल्या गावच्या बोलीवर यायच्या. "बठ्ठं सारखं शे!" म्हणत, म्हणजे सगळं सारखं आहे असं सांगत, सगळ्या दालनांतून चक्कर मारून यायच्या. आणि मी कौतुकाने कपाट उघडून वाकले, की मागून दणका यायचा, "मागे सरक. श्वास लागतो त्यांना." माझ्या श्वासाची एवढी धास्ती दुसऱ्या कुणी घेतली नसेल.

आमच्याकडची सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे शेठजींची पोथी. शेठजी किराण्याचे मोठे व्यापारी. त्यांचे पूर्वज राजस्थानातून इकडे येताना ती जैन पोथी बरोबर घेऊन आले होते आणि शेठजींनी ती आमच्याकडे ठेवायला दिली होती. पातळ कागदाची पानं, त्यावर निळे, तांबडे रंग आणि मधूनमधून सोन्याची रेघ. अक्कांनी ती सुती कापडाच्या घड्यांमध्ये बांधून लाकडी पेटीत ठेवली होती. मे महिन्यात पाहुणे सुट्टीला येतात, म्हणून शेठजींनी आपल्या देणगीतून झालेल्या नव्या दालनाच्या उद्घाटनाचा समारंभ तेव्हाच ठरवला. पाहुण्यांसमोर पोथी उघडायची होती.

आता धुळ्याचा मे महिना मी काय सांगावा! रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. अशा एका दुपारी दारात हातगाडी उभी राहिली आणि गाडीवर भलामोठा नवा कोरा कूलर. मागून घाम पुसत शेठजी. "अक्का, पोथीला उन्हाळा लागायला नको. आमच्या आजोबांची ठेव आहे ती. दिवसभर चालू ठेवा."

माणूस किती प्रेमाने बोलत होता! पण अक्कांनी कूलर उंबऱ्याबाहेरच अडवला. "शेठजी, हा पाण्यातून वारा फेकतो. ओल सुटली की कागद फुगतो, पण वरचा रंग फुगत नाही. मग वीज जाते, हवा पुन्हा कोरडी, कागद आखडतो. असं चार दिवस झालं की रंग कागदाला सोडून देतो. गरम चालेल, कोरडंही चालेल. पण रोज सारखं पाहिजे."

शेठजींना ते जिव्हारी लागलं. खान्देशात पाहुण्याला कूलरसमोर बसवणं म्हणजे मान देणं, आणि इथे त्यांच्या आजोबांच्या पोथीलाच उकाड्यात बसवून ठेवलं होतं. "तुमच्याकडे सोय नसेल तर पोथी घरी नेतो," ते म्हणाले. "माझ्या खोलीत कूलर आहे." आणि निघून गेले. अक्का खुर्चीत बसल्या. पोथी त्या खोलीत गेली असती तर पावसाळ्याच्या आतच निळा रंग झडला असता, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी अक्का मला घेऊन थेट शेठजींच्या घरी गेल्या. गच्चीवर भाभी, म्हणजे शेठजींच्या पत्नी, उडदाचे पापड वाळवत होत्या. अक्कांनी पोथीचं नावही काढलं नाही. एक कडकडीत वाळलेला पापड मागितला आणि शेठजींच्या खोलीत चालू कूलरसमोर स्टुलावर ठेवला. मग आम्ही पन्हं पीत बसलो. अक्का पिकांबद्दल बोलल्या, भाभींच्या माहेराबद्दल बोलल्या. शेठजी हूं हूं करत होते. मला तर बसवत नव्हतं.

पन्हं संपलं. अक्कांनी पापड उचलला. तो त्यांच्या बोटांवरून चक्क खाली वाकला. भाभी म्हणाल्या, "अहो अक्का, हा तर मऊ पडणारच. मी पापडाचा डबासुद्धा या खोलीत ठेवू देत नाही." अक्कांनी मऊ पापड नेऊन गच्चीवर उन्हात टाकला. थोड्या वेळाने शेठजींनी स्वतः जाऊन पाहिलं, तर तो वेडावाकडा आखडला होता आणि कडेला तडकला होता. भाभींनी नवऱ्याकडे बघितलं. "पापड ठेवत नाही तिथे आजोबांची पोथी ठेवणार?"

शेठजींनी तडकलेला पापड उचलून हातात फिरवला. मग म्हणाले, "समारंभापर्यंत पोथी तुमच्याकडे. त्या दिवशी मी स्वतः उघडेन. एकही पान खराब निघालं तर घरी नेईन."

समारंभाच्या दिवशी कूलर बाहेरच्या ओसरीत पाहुण्यांसाठी लावला होता, आणि ऐन वेळी वीज गेली. पाहुणे हातातल्या पत्रिकांनी वारा घेऊ लागले. आत अक्का थोड्या थोड्या लोकांनाच सोडत होत्या आणि कुणी वाकलं की श्वासावरून दटावत होत्या. माझी नजर काडीवर. माणसांच्या घामाने आणि श्वासाने ती खाली आली, पट्ट्याच्या कडेला टेकली आणि तिथेच थांबली. शेठजींनी पेटी उघडली, कापडाची एकेक घडी सोडली. पहिलं पान उचललं. निळा रंग जसाच्या तसा. दुसरं पान, तिसरं. सोन्याची रेघ चमकली. शेठजींचे डोळे भरून आले. भाभींनी हात जोडले. आणि अक्का भर समारंभात ओरडल्या, "बठ्ठं सारखं शे!" पाहुण्यांना काही कळलं नाही, पण टाळ्या मात्र त्यांनी जोरात वाजवल्या. मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. शेठजी पोथी पुन्हा अक्कांच्या हातात देत म्हणाले, "आता ही तुमची."

अक्का निवृत्त झाल्या तेव्हा मीही केस आखूड केले होते आणि चौकटीतला माझा केस नेमका तेव्हाच तुटला. अक्कांनी आपला एक उपटला. पांढराशुभ्र, जेमतेम पुरेल एवढा. "चालतो की पांढराही," म्हणाल्या, आणि मुक्ताईनगरला बहिणीकडे राहायला गेल्या.

अक्का वारल्याची बातमी हिवाळ्यातल्या एका सकाळी आली. मी आत गेले, कपाट उघडलं. काडी पट्ट्याच्या मधोमध होती. मी वाकून त्या पांढऱ्या केसाकडे बघत राहिले आणि मला रडू फुटलं. माझा श्वास लागला तशी काडी हलली आणि हळूहळू खाली यायला लागली. मी चटकन मागे सरकले, तोंडावर पदर धरला. काडी परत जागेवर येईपर्यंत तशीच उभी राहिले.